मला आदर्श ठरवलं तेव्हा

मला ‘आदर्श सून’ ठरवलं गेलं, तेव्हा सासूबाईंना डोंगरीच्या केंद्रात ठेवण्याचा अर्ज भरून माझ्या पर्समध्ये पडलेला होता. नवऱ्याची सही तेवढी राहिली होती.

हे आधीच सांगते, कारण पुढे ज्या कोणाला मी ही हकीकत सांगायला गेले, त्याचा समज असा झाला की पुरस्कार मिळाला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. तसं नव्हतं. अर्ज आधीचा होता. पुरस्कार मागून आला आणि अर्जावर येऊन बसला.

सासूबाईंना चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, त्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं. पेपर समोर धरला तर डोळे ओळींवरून नीट फिरतात, पान उलटायचं झालं की डाव्या हाताने खूण करतात. पण शब्द तोंडाशी येईपर्यंत हरवतो. ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि ‘चावी’ बाहेर पडतं. मग त्यांची त्यांनाच चीड येते, मान भिंतीकडे फिरवतात आणि ‘नको’ म्हणतात. हा एकच शब्द त्यांना कधी चुकत नाही.

आम्ही सिल्व्हर पार्कात राहतो. गिरगावातली खोली विकून पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आलो. मी भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. कारखाना म्हणजे तीन गाळे जोडलेले. पण माल चांगला, आणि शेठ माणूस सरळ. घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. सकाळी सासूबाईंची आंघोळ, कपडे, नाश्ता, औषधं उरकून मी दहाला कामावर जायचे. दिवसा बाई असायची, पण जेवण त्या तिच्या हातून घ्यायच्या नाहीत, म्हणून एक वाजता मी रिक्षाने घरी येऊन त्यांना भरवून परत जायचे. मुलगी शिकायला नाशिकला. नवऱ्याचं ऑफिस अंधेरीला, आठला निघून आठला परत. आल्यावर तो दहा मिनिटं आईच्या पायाशी बसायचा, पाय दाबायचा. त्या वेळी दार उघडं असलं तर येणारे-जाणारे बघायचे, आणि मुलगा असावा तर असा, असं जिन्यात बोलणं व्हायचं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. वाटायचं.

त्या वर्षी शेठनी वसईला मोठी जागा घेतली. चेकिंगचं अख्खं डिपार्टमेंट हळूहळू तिकडे हलणार होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, “मॅडम, उधर का चेकिंग आपही संभालो. दूसरा कोई मुझे नहीं चाहिए.” इन्चार्जची जागा. बावीस वर्षं डब्याच्या झाकणांवरून बोट फिरवल्यावर पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं होतं की हे तुम्हालाच जमतं. अडचण एकच होती. कंपनीची बस सकाळी पावणेसातला निघायची आणि खाडीवरच्या वरसावे पुलावरच्या ट्रॅफिकच्या कृपेने संध्याकाळी कधी परतेल ते सांगता यायचं नाही. एक वाजता घरी येऊन भरवणं शक्यच नव्हतं.

भाईंदर पश्चिमेच्या टोकाला डोंगरी गाव आहे, तिथल्या केंद्राची माहिती आमच्या डॉक्टरांनी दिली. झटका आलेल्या माणसांना तीन महिने ठेवून घेतात, रोज दोन वेळा व्यायाम करून घेतात, बोलायचाही सराव देतात. मी एका रविवारी जाऊन बघून आले. बैठं घर, मोठं अंगण, खिडक्या मोठ्या. एका खोलीत दोन समांतर दांडे आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारे गृहस्थ घामाघूम होऊन पाऊल टाकत होते. मी परत आले ती ठरवूनच. नवऱ्यालाही ते पटलं होतं. बघू, म्हणाला होता, पण आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार.

मग संक्रांतीनंतरच्या त्या आठवड्यात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या.

मला वाटलं वर्गणीला आल्या. त्यांच्याबरोबर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी होत्या. दोघींनी सासूबाईंच्या खोलीत डोकावून पाहिलं, खोली किती स्वच्छ आहे म्हणाल्या, वास अजिबात येत नाही म्हणाल्या. हे सासूबाईंच्या तोंडावर, जणू त्या कपाट आहेत. मग बाहेर बसून सांगितलं की यंदाच्या हळदीकुंकवाला तीन पुरस्कार आहेत, आदर्श माता, आदर्श गृहिणी आणि आदर्श सून, आणि तिसऱ्यासाठी दुसरं नावच पुढे येत नाही.

मी नाही म्हटलं. त्या हसल्या. खऱ्या आदर्श सुनेने नाहीच म्हणायचं असतं, अशी बहुधा त्यांची समजूत होती. तेवढ्यात सुट्टीवर असलेला माझा नवरा आतून आला आणि म्हणाला, अहो, ती संकोची आहे, येईल ती. त्याचा चेहरा असा फुलला होता की पुरस्कार त्यालाच मिळतोय.

खरं सांगायचं तर मलाही थोडं बरं वाटलं. चार वर्षांत कोणी पाठीवर हात ठेवला नव्हता. जांभळ्या साडीवर ब्लाउज शिवून घेतलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नाश्त्याची वाटी उलटी केली. सांजा चादरीवर, गाऊनवर, माझ्या पायावर. मुद्दाम केलं की हात निसटला, कोण जाणे. मी हातातला चमचा भिंतीवर भिरकावला आणि ओरडले, “मरा उपाशी!” हे शब्द मी उच्चारले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी चादर बदलली.

संध्याकाळी स्टेजवर निवेदिकेने माझं मानपत्र वाचलं. कपाळावर कधीही आठी न आणता, मुखावरचं हास्य कधीही ढळू न देता, सासूला जन्मदात्या आईप्रमाणे, असं बरंच काही होतं. समोर दोन-अडीचशे बायका. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला भिंतीवरचा सांज्याचा पिवळट ओघळ दिसत होता, जो पुसायचा राहून गेला होता. बायकांना वाटलं मी विनयाने मान घातलीय.

मग माझ्या नकळत ठरवलेला भाग सुरू झाला. मंडळाच्या चौघींनी सासूबाईंची व्हीलचेअर उचलून स्टेजवर आणली. त्यांना हिरवी साडी नेसवून तिथे कधी नेलं, कोणी नेलं, मला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, ते सरप्राइज होतं म्हणे. मला पाया पडायला सांगितलं. मी पडले. फोटोग्राफर म्हणाला, “एक बार और, मॅडम, फ्लॅश नहीं लगा.” मी पुन्हा पडले. वाकलेली असताना मला त्यांचा डावा पाय दिसला. बोटं चपलेत घट्ट आवळलेली होती.

कोणाला तरी वाटलं, आजींनीही दोन शब्द बोलावेत. त्यांच्या तोंडासमोर माइक धरला. ओठ हलले, गळ्यातून काहीतरी घरघरलं. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, “नको.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक डोळे पुसत होती.

दोन दिवसांनी आमच्या कोपऱ्यावर फलक लागला. वर एका स्थानिक नेत्याचा हात जोडलेला मोठा चेहरा, खाली त्याच्या साथीदारांचे लहान चेहरे, आणि अगदी तळाला, रिक्षावाल्यांच्या डोक्याच्या उंचीवर, मी. ‘आदर्श सून’. मला शाळेत संस्कृत होतं. आमच्या बाई सांगायच्या, आदर्श म्हणजे मुळात आरसा, आपलं रूप ज्यात दिसतं तो. मी तो फलक रोज येता-जाता बघायचे. त्यात मी काही मला दिसले नाही.

त्या शब्दाचा मला तेव्हापासून असा काही राग बसला की तो मला जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. आमच्या रस्त्यावर आदर्श नावाची डेअरी आहे, तिथलं दही आंबट असतं. मागच्या गल्लीत आदर्श क्लासेस आहेत. आणि सोसायटीत आदर्श उपविधी आहेत, म्हणजे गृहनिर्माण संस्थांचे सरकारी छापील नियम. इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या कडेला व्हीलचेअरसाठी छोटा उतार करून द्या, असा अर्ज मी दोन वर्षांपूर्वी दिला होता. प्रत्येक मीटिंगमध्ये सेक्रेटरी आदर्श उपविधींचं पुस्तक काढून, ठराव, मंजुरी, तीन चतुर्थांश सभासद, असं काहीतरी वाचायचे आणि विषय पुढच्या मीटिंगवर जायचा. पुरस्कारानंतरच्या मीटिंगमध्ये त्यांनी आधी माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एका मिनिटात एकमताने पास झाला. नंतर उताराचा विषय आला आणि पुढे ढकलला गेला. मी उठून म्हटलं की अभिनंदन नको, उतार द्या. सगळे मनापासून हसले. आदर्श माणूस बोलतो ते कोणी ऐकत नाही, हे मला तिथे कळलं.

भाजीवाला भय्या म्हणाला, “आंटी, आप तो आदर्श बहू हो, आपको क्या भाव बोलूँ.” समोरच्या गुजराती बेन त्यांच्या नातेवाइकांना माझ्या घरी घेऊन आल्या, सासूबाई दाखवायला. आणि एक दिवस लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची मुलगी भेटली. लग्नाला दोन वर्षं झालेली, नोकरी करणारी, एरवी माझ्याशी हसून बोलणारी. त्या दिवशी ती आकड्यांच्या बटणांकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, काय गं, बरं नाही का?

“काकू, तुम्ही हो कशाला म्हणालात?”

मला आधी कळलंच नाही.

“आमच्याकडे आता रोज तुमचं नाव असतं,” ती म्हणाली. “सासूबाईंचे गुडघे दुखतायत, मी म्हटलं दुपारी बाई ठेवू. तर म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावरची ती बघ, नोकरी सांभाळून भरवायला घरी येते, तुला काय धाड भरलीय. तुम्हाला बक्षीस मिळालं काकू, पण शिक्षा आम्हाला.”

लिफ्ट थांबली. मी तिला सांगायला हवं होतं की मी चमचा भिरकावला होता. मी मरा म्हटलं होतं. दार उघडलं आणि मी बाहेर पडले. ती अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही.

अर्ज पर्समध्येच होता. वसईची तारीख जवळ येत होती. एका रविवारी सकाळी मी तो नवऱ्यासमोर ठेवला. त्याने वाचायचं नाटक केलं.

“आत्ता लगेच नको,” तो म्हणाला. “जरा हे सगळं थंड होऊ दे. कालपरवा फलक लागलाय आणि आज आई केंद्रात. लोक काय म्हणतील?”

मी म्हटलं, लोक येऊन अंघोळ घालणार आहेत का? त्यावर त्याने धाकट्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. धाकटे दीर डोंबिवलीला असतात, दिवाळीला येतात. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही असं बोलावं? तुम्ही तर आमच्या घराचा आदर्श.”

मी फोन बंद केला. 

“मी आदर्श सून,” मी नवऱ्याला म्हटलं, “तर तुम्ही कोण? आदर्श मुलाचं बक्षीस का नाही ठेवत कोणी? चार वर्षांत तुम्ही आईला एकदा तरी भरवलंत का? अहो, त्यांना भाताचा घास कोणत्या गालात द्यायचा, हे तरी तुम्हाला माहीत आहे का?”

तो म्हणाला, मी कमावतो. मी म्हटलं, मीही. मग तो म्हणाला की त्याला ते जमत नाही, आईला तसं बघवत नाही, आणि तू ते इतकं छान करतेस. छान. मला तो शब्द फेकून मारावासा वाटला. सही झाली नाही.

शेठनी माझी एक महिना वाट पाहिली. वाईट माणूस नाही तो. मग त्यांनी ती जागा माझ्या हाताखाली सहा वर्षं काम शिकलेल्या मुलाला दिली. तीसेक वर्षांचा, हुशार आहे, त्याचा राग नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने वसईहून चार वेळा फोन केला, मॅडम, झाकण बसतंय पण हवा धरत नाही, काय असेल? मी सांगायचे. भाईंदरचं चेकिंग अजून पुरतं हललं नव्हतं, ते मी बघत होते. तिथल्या खोलीत काचेचं कपाट आहे. प्रत्येक मापाच्या डब्याचा एक नमुना त्यात ठेवलेला असतो, बाकी माल त्याच्याशी ताडून बघायचा. त्या डब्यात कधी पोळी ठेवलेली नसते, तो कधी घासलेला नसतो, कोणाच्या हातून पडलेला नसतो. म्हणून तर तो नमुना. मी फोनवर बोलता बोलता त्या कपाटाकडे पाहत असे आणि मला नको नको ते विचार येत.

त्याच दिवसांत एकदा मी एक वाजता घरी आले. बाईला सुट्टी होती, नवरा आठ वाजता गेला होता, समोरच्या बेननी दोनदा डोकावून जायचं कबूल केलं होतं. मी वरणभात कालवला आणि सासूबाईंपुढे बसले. पहिला घास त्यांनी थुंकला. दुसराही. मी वाटी खाली ठेवली आणि बोलत सुटले. ओरडले नाही, तेवढी ताकद नव्हती. म्हटलं, आई, माझी जागा गेली. बावीस वर्षांनी आली होती ती गेली. आणि का गेली, तर मी चांगली आहे म्हणून. मी चांगली नाहीये आई. मला तुमचा कंटाळा आलाय. मला रोज सकाळी तुमचं दार उघडायचा कंटाळा येतो.

त्यांनी मान भिंतीकडे फिरवली नाही. डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि बोलायला लागल्या. पुढचं सगळं यायला अर्धा तास लागला असेल. मधे कितीतरी चुकीचे शब्द आले, चावी आली, बुधवार आला, त्या थांबल्या, पुन्हा लागल्या.

“मी पण,” त्या म्हणाल्या. “नऊ... नऊ वर्षं.”

मला माहीत होतं. गिरगावच्या खोलीत त्यांच्या सासऱ्यांना त्यांनी नऊ वर्षं अंथरुणात सांभाळलं होतं. आमच्याकडे ती गोष्ट लग्नात, बारशात, सगळीकडे सांगितली जाते. झटका यायच्या आधी, त्या बोलत होत्या तोवर, त्यांनी ती स्वतः कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. बाकीचे सांगायचे, त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

“सगळे... चांगली म्हणायचे,” त्या म्हणाल्या. मग, “राग यायचा. मला. मारलं... एकदा.”

“कोणाला?” मी विचारलं, आणि विचारल्यावर कळलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे चाळीस वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यांनी ते बहुधा पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं होतं, तेही शब्द हरवल्यावर. मी त्यांचा हात धरून बसले. वरण गार झालं. मग त्यांनी माझं मनगट हलवलं.

“ने,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“तिथे. ते... चालायचं.” आणि डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर पावलांसारखी चालवली.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंत पातळ आहे आमची. अर्ज, केंद्र, दांडे, स्पीकरवरचे दीर, सगळं. आणि मला तेव्हा स्वतःचीच शरम वाटली, कारण महिनाभर मी, नवरा, दीर, मंडळ, सगळे त्यांच्याबद्दल भांडत होतो, आणि त्यांना जायचंय का, हे मीसुद्धा विचारलं नव्हतं. मला माझ्या वसईसाठी त्यांना तिथे ठेवायचं होतं. त्यांना तिथे चालायचं होतं.

त्या दिवशी आठला नवरा आला, पायाशी बसला. मी अर्ज आणि पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, आईंना विचारा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “जायचंय तुला?” त्याने विचारलं. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ‘बुधवार’ म्हणाल्या. मग चिडून मान जोरजोरात हलवली, वरखाली. त्याने सही केली. सही करताना तो रडत होता. मी त्याला समजवायला गेले नाही. तेवढं मला त्या दिवशी जमलं नाही.

आम्ही बुधवारीच गेलो. वॉचमन आणि नवऱ्याने खुर्ची तीन पायऱ्यांवरून उचलून खाली आणली. टॅक्सी पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला उतरली आणि मुर्धा गावाच्या रस्त्याला लागली तशा सासूबाई काचेला नाक लावून बसल्या. मिठागरं संपली, राई गेलं, मोर्वा गेलं. चार वर्षांत त्या दवाखाना आणि तो मंडप सोडून कुठे गेल्या नव्हत्या. केंद्रात त्यांना सांभाळायला डोंगरीचीच एक बाई होती, पन्नाशीची, आडव्या बांध्याची. तिने मला विचारलं, “तुमची आय हाय का सासू?” सासू, म्हटलं. “मंग तुमी लवकर जावा. सून समोर असली का म्हातारी उठत न्हाय,” ती म्हणाली आणि खुर्ची फिरवून आत घेऊन गेली. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मला ते लागलं. इतके दिवस सुटका मागत होते आणि ते लागलं.

इमारतीत बोलणं झालंच. सेक्रेटरींच्या पत्नी जिन्यात म्हणाल्या की आम्ही तुमचं नाव सुचवून चूक केली का काय. मी म्हटलं, हो, केलीत. फलक तोवर उतरला होता, त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा लागला होता.

तीन महिने दर रविवारी आम्ही डोंगरीला जात होतो. सहाव्या आठवड्यात त्या दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या. दहाव्यात वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत आल्या, अकरा पावलं, मी मोजली. नवरा दरवाजात उभा राहून हात पुढे करत होता आणि ती डोंगरीची बाई त्याला दटावत होती, हात काढा, म्हातारी तिची ती येल. घरी आणल्यावर आता त्या आधाराने मोरीपर्यंत जातात. डाव्या हाताने जेवतात, अर्धं सांडतं. ‘पाणी’ आता पाणीच येतं. पण फार काही बदललं असं नाही. तीन पायऱ्या तशाच आहेत. आणि वसईची ती जागा गेली ती गेलीच.

मी शेठना पुन्हा जाऊन भेटले. ते म्हणाले, इन्चार्ज तर आता झाला, पण उधर आना है तो आओ. मी गेले. सध्या मी त्या मुलाच्या हाताखाली चेकिंग करते. तो मला मॅडमच म्हणतो आणि महत्त्वाचं काही असलं की मलाच विचारतो, आणि सही त्याची असते. रोज संध्याकाळी बस वरसावे पुलाच्या अलीकडे अडकते आणि रोज मला तेवढाच राग येतो. तो कमी झाला, मी शांत झाले, असं मला लिहिता येणार नाही. एवढंच की आता कोणी विचारलं, सासूबाई कशा आहेत, तुम्ही किती करता हो त्यांचं, तर मी म्हणते, मला कंटाळा येतो. लोक विषय बदलतात. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला मी हे एकदा लिफ्टमध्ये सांगितलं, चमच्यासकट. मी दुसऱ्या मजल्यावर उतरताना तिने दार जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

नवऱ्याने ऑफिसची वेळ बदलून घेतली आहे, तो आता साडेपाचला घरी असतो. परवा बस पुलाजवळ अडकली होती, पुढे एक ट्रेलर बंद पडलेला. त्याचा फोन आला. म्हणाला, आई भात खात नाहीये, दोनदा ताट बाजूला केलं, काय देऊ तिला?

“मला काय विचारता,” मी म्हटलं, “आईंना विचारा.”

“अगं, तिला सांगता येत नाही.”

“येतं. वेळ लागतो. बसा तिथे.”

त्याने फोन बंद केला नाही. तसाच बाजूला ठेवला असावा, कारण मला खोलीतले आवाज येत होते. तो विचारत होता, पोळी देऊ? दूध देऊ? मग तो गप्प झाला. बसमधल्या बायका खिडकीतून ट्रेलरवाल्याला शिव्या देत होत्या, आणि मी एका कानावर हात ठेवून दुसऱ्याने सासूबाईंचा शब्द यायची वाट बघत बसले.